आज्ज्याच्या तळ्याचा सांडवा : माण तालुक्यातल्या एका खासगी माती बंधाऱ्याचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका वाडीवर घडलेली ही हकिगत. वाडीचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. त्याच अटीवर घरच्यांनी लिहायला परवानगी दिली. मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर नोकरी करून निवृत्त झालेला शाखा अभियंता. या प्रकरणात मला कुठलाही अधिकार नव्हता. ओळखीपोटी फोन आला म्हणून गेलो आणि पुढचे पाच दिवस तिथेच राहिलो.

पार्श्वभूमी

जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये ५०० झाला तरी वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. तोही बराचसा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात, दोन-चार दणक्यांत पडणारा. इथल्या तळ्याचं सगळं गणित त्या दोन-चार दणक्यांवर असतं. भरलं तर एका रात्रीत भरतं, नाही तर वर्षभर तळ दिसतो.

हे तळं घरातल्या आजोबांनी १९७३ साली बांधलं. बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी आणि मिलो खाऊन काढलेल्या दिवसांत, ते दुष्काळी कामावर होते. पाझर तलावाचा भराव कसा घालतात हे तिथे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि स्वतःच्या रानातून जाणाऱ्या ओढ्यावर स्वतःच्या बैलांनी तसाच घातला. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरूम, पाण्याकडच्या बाजूला दगडांचं अस्तर, म्हणजे पिचिंग. ओढ्याच्या तळापासून उंची साडेसात मीटर, लांबी १४० मीटर, माथा अडीच मीटर रुंद. साठा साधारण ५५ सहस्र घनमीटर, म्हणजे जवळपास दोन दशलक्ष घनफूट. वरचं पाणलोट ९० हेक्टर. डाव्या टोकाला, जादा पाणी वाहून जायला, मुरमात कोरलेला सात मीटर रुंदीचा सांडवा, आणि तळातून पाणी सोडायला नऊ इंची सिमेंटच्या पाइपांची मोरी. शिकलेल्या माणसाची मदत नसताना त्यांनी केलेलं हे काम मी बारकाईने पाहिलं आहे. पन्नास वर्षं ते उभं राहिलं, ही साधी गोष्ट नाही.

आजोबांना चार मुलगे. आज सातबाऱ्यावर त्या गटाला तेरा नावं आहेत. थोरल्या घरातले तात्या, वय बहात्तर, तळ्याखाली त्यांची डाळिंबं. धाकट्या घरातले बापू, ज्वारी आणि चार म्हशी. तिसऱ्या घरातला मुलगा केरळात त्रिचूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, चौथं घर पुण्याला. तळ्यामुळे खालच्या नऊ विहिरींना पाणी राहतं. त्यातल्या चार विहिरी या घराच्या नाहीतच. पाणी सगळ्यांचं आणि बांध कुणाचाच नाही, अशी स्थिती गेली वीस वर्षं होती. मोरीचा दांडा गंजून दार पंधरा वर्षांपासून अडकलेलं होतं. मागच्या उतारावर वेड्या बाभळींचं रान माजलं होतं.

सरकारी बाजूही सांगायला हवी. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशा ठरावीक अटींपैकी एखादी पुरी होत असेल तर. साडेसात मीटरचं तळं त्याच्या आसपासही येत नाही. खासगी जागेत, खासगी पैशाने बांधलेलं असल्यामुळे कुठल्या खात्याच्या तपासणीच्या यादीतही ते नव्हतं. माणदेशात ब्रिटिशकालीन राजेवाडीच्या तलावाची माहिती पोराटोरांनाही असते. असल्या घरगुती तळ्यांची मोजदाद मात्र मला कुठे मिळाली नाही.

अडचण

त्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तळं भरलं. आधीची दोन वर्षं कोरडी गेलेली. आदल्या उन्हाळ्यात, आणखी थोडं पाणी राहावं म्हणून, सांडव्यावर दगड रचून वर वाळूच्या पोत्यांचे चार थर टाकले होते, दोन फूट उंच. हे या भागात सर्रास चालतं. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाने सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी बघत बसायचं, हे सोपं नाही. त्यामुळे पोती टाकणाऱ्याला मी वेडा म्हणत नाही.

पण त्या दोन फुटांनी काय केलं ते आकड्यांत बघा. मूळ बांधणीत सांडव्याची पातळी आणि बांधाचा माथा यांत साडेचार फुटांचं अंतर होतं. पन्नास वर्षांत बांध मधोमध एक फूट बसला होता, कारण माथ्यावरून ट्रॅक्टरची वाट पडली होती. दोन फूट पोत्यांनी खाल्ले, एक फूट दबण्याने, आणि दीड फूट उरला. अंतर एक तृतीयांश झालं म्हणून सांडव्याची क्षमताही एक तृतीयांश झाली असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. सांडव्यावरून जाणारं पाणी हे त्याच्या उंचीच्या दीडाव्या घाताने कमी-जास्त होतं. उंची तिसऱ्या हिश्श्यावर आली की क्षमता पाचव्या हिश्श्यावर येते. हिशेबाने पूर्वी हा सांडवा सेकंदाला अठरा-साडेअठरा घनमीटर वाहून नेऊ शकला असता. पोत्यांनंतर साडेतीनच्या थोडं वर. आणि ९० हेक्टरांवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडून त्यातला निम्मा वाहिला, तर तळ्यात सेकंदाला सव्वासहा घनमीटर येतं. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं की तो टिकत नाही.

हा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता. लक्षात आला तो दुसराच. मंगळवारी संध्याकाळी बापूंच्या मंडळी, म्हणजे वहिनी, म्हशी धुवायला ओढ्यावर गेल्या आणि मोरीच्या तोंडापासून पाच-सहा फुटांवर त्यांना झरा दिसला. घरी येऊन त्या म्हणाल्या, "आवं, तिथं पाझर न्हवता कदी. आज पाणी उकळ्या मारतंय." त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर तळं भरलं म्हणून पाझरतंय, असंच म्हणालं असतं. वहिनी पंचवीस वर्षं त्या ओढ्यावर रोज जात होत्या. ओढ्याचा कोणता दगड ओला असतो आणि कोणता कोरडा, हे त्यांना माहीत होतं.

त्या रात्री घरच्यांनी एक चूक केली. ट्रॉलीभर काळी माती आणून त्या झऱ्यावर टाकली आणि पायाने दाबली. झरा बंद झाला. पहाटे तो चार-पाच हात बाजूला, पहिल्यापेक्षा जोरात फुटला. मग मला फोन आला.

बुधवारी सकाळी नऊला मी पोचलो. पंधरा लिटरची बादली वीस सेकंदांत भरत होती. पाणी किती येतंय यापेक्षा कसं येतंय हे महत्त्वाचं, म्हणून वहिनींकडून चहाचे काचेचे ग्लास मागून घेतले. पहिला ग्लास उन्हाकडे धरला तर पलीकडची बोटं स्वच्छ दिसली. तो दगडावर ठेवून दिला, आणि दर तासाला शेजारी एक नवा. साडेबाराचा ग्लास पंधरा मिनिटांनी उचलला तर तळाला केसाएवढा तपकिरी थर. बोटांत चोळला, चिकट लागला. मुरूम असा लागत नाही. बांधाच्या पोटातली काळी माती बाहेर येत होती. बादली आता बारा सेकंदांत भरत होती.

मातीच्या बांधातून पाणी पाझरणं हा दोष नव्हे. प्रत्येक मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पाझर मातीचे कण घेऊन येऊ लागला की आतल्या आत नळी तयार होते, ती पायथ्याकडून पाण्याच्या दिशेने मागे मागे खात जाते, आणि पाण्यापर्यंत पोचली की मग काही तासांचा, कधी त्याहूनही कमी वेळाचा खेळ. मोरीचा पाइप हा त्यासाठी सगळ्यात कच्चा रस्ता, कारण गोल पाइपाच्या खालच्या अंगाला माती नीट ठोकता येत नाही. पानशेतलाही १२ जुलै १९६१ ला मोरीवरचा भराव खचत गेला आणि पाणी माथ्यावरून गेलं.

आणि हवामान खात्याने साताऱ्याला शुक्रवारसाठी ऑरेंज अलर्ट दिला होता.

समोरचे पर्याय

दुपारी एकला बांधावरच बैठक झाली. तात्या, बापू, सरपंच, पोलीस पाटील, विहिरीवाले दोघं, आणि फोनच्या स्पीकरवर त्रिचूरचा पुतण्या.

पहिला पर्याय थांबायचा. तात्यांचं म्हणणं, "पन्नास वर्सं हाय त्ये. दोन वर्सांनी पाणी दिसलंय साहेब, ते सोडा म्हंता व्हय?" ते हट्टाने बोलत नव्हते. त्यांची डाळिंबं त्या पाण्यावर होती आणि बागेवर कर्ज होतं.

दुसरा, मागच्या बाजूने सिमेंट लावून गळती बंद करायचा. आदल्या रात्री त्याचाच मातीचा प्रयोग झाला होता. मागून तोंड दाबलं की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरी कच्ची जागा शोधतं. हे समजावायला वेळ लागला नाही, कारण सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

तिसरा, पाण्याकडच्या बाजूने मोरीच्या तोंडावर माती टाकायचा. कल्पना चांगली, पण वीस फूट पाण्याखालचं तोंड नेमकं कुठे ते सापडायला हवं, आणि त्यासाठी कुणीतरी बुडी मारायची. अडकलेल्या मोरीच्या तोंडाशी माणूस ओढला जाऊ शकतो. याला मी साफ नकार दिला.

चौथा पर्याय बापूंचा : जेसीबीने बांधाच्या उजव्या टोकाला चर मारून पाणी काढून देऊ. कच्च्या मातीतला चर पाण्याने स्वतःच रुंद होत जातो. आपण तीन फूट खणायचा आणि त्याने तीस फूट व्हायचं. खाली कठीण खडक असता तर विचार केला असता.

उरले दोन, आणि ते एकत्रच करायचे होते : सांडव्यावरची पोती काढून पाणी दोन फुटांनी उतरवायचं, आणि माथ्यावरून पाइप टाकून सायफनने आणखी खाली न्यायचं. दोन फूट म्हणजे साधारण १३,००० घनमीटर, एकूण साठ्याचा पाव हिस्सा. तेवढं पाणी ओढ्याने निघून जाणार होतं.

इथे खरा प्रश्न पुढे आला. सोडायचं कुणी ठरवायचं? तात्या नाही म्हणत होते, बापू हो म्हणत होते, आणि पुण्याचं घर फोन उचलत नव्हतं. सरपंचांनी तालुक्याला एका कार्यालयात फोन लावला. उत्तर आलं, "आमच्या नोंदवहीत हा तलाव नाही." तहसील कार्यालयातून तलाठ्यांना पाठवतो म्हणाले. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली जिल्हा प्राधिकरणाला अशा वेळी पुष्कळ अधिकार आहेत, पण ते वापरायला कागद वरपर्यंत जाऊन खाली यावा लागतो, आणि ग्लासात माती दिसत होती. जलसंधारणातला एक तरुण अभियंता मात्र स्वतःच्या मोटारसायकलवर, नोंदवही न बघता, तासाभरात आला. त्याने माझं म्हणणं तपासलं आणि बरोबर आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं. दोन अनोळखी डोक्यांनी एकच सांगितलं याचा उपयोग माझ्या हिशेबापेक्षा जास्त झाला.

शेवटी त्रिचूरचा पुतण्या बोलला. "तात्या, खाली वस्तीवर चौदा घरं हायती. आपलं पाणी त्यांच्या अंगावर गेलं तर आपून गावात तोंड दाखवायचं का?" तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून स्वतः सांडव्याकडे गेले आणि पहिलं पोतं त्यांनी काढलं. त्या वेळी घड्याळात पावणेतीन झाले होते.

काय केलं

*सांडवा.* सगळी पोती एकदम ओढून टाकावीत असं तिथल्या पोरांना वाटत होतं. सांडव्याच्या पुढचा चर चालून पाहिला तर पुढे मुरमात चार फूट खोल कडा पडला होता, आणि तो दरवर्षी मागे सरकत सांडव्यापासून दहा मीटरवर आला होता. एकदम लोंढा सोडला तर कडा रातोरात सांडव्यापर्यंत पोचला असता आणि तिथूनच तळं फुटलं असतं. म्हणून अर्धीच रुंदी उघडली, आणि एका वेळी पोत्यांचा एकच थर. पातळी उतरली की दोन-अडीच तासांनी पुढचा. कड्याच्या तोंडाशी मोठ्या दगडांचा डबर टाकला. पहाटेपर्यंत पाणी पावणेदोन फूट उतरलं.

*पाझर.* त्यावर उलटी गाळणी घातली. तत्त्व साधं आहे : पाण्याला वाट द्यायची, मातीला अडवायची. आधी रात्रीची काळी माती हलक्या हाताने काढली. मग वाळू अर्धा फूट, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, सगळ्यात वर दाबून बसायला डबर. वाळू म्हणून मिळाली ती क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू. तिच्यात भुकटी फार असते, म्हणून वस्तीवरच्या बायकांनी ती पाट्यांतून धुऊन दिली. खडीच्या थरावर थर चढताना माझ्या मनात धाकधूक होती. संध्याकाळी साडेसातला ग्लास भरला. पंधरा मिनिटं, अर्धा तास, तळ स्वच्छ. पाणी तेवढंच येत होतं, माती थांबली होती. तो ग्लास वहिनींनी रात्रभर धुतला नाही, खिडकीत ठेवला.

*सायफन.* सहा इंची पाइप दोन शेतकऱ्यांनी दिले. पहिला सायफन वीस मिनिटांत तुटला. ते स्प्रिंकलरचे जोडपाइप होते. आतून दाब असला की त्यांचे रबर घट्ट बसतात, पण सायफनमध्ये माथ्याजवळ आत ओढ असते आणि तेच रबर हवा शोषतात. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून प्रत्येक जोडावर ताणून गुंडाळल्या, वरून ओली गोणपाटं. दुसऱ्या वेळी पाइप पाण्याने पूर्ण भरून दोन्ही तोंडांचे व्हॉल्व्ह एकत्र उघडले आणि धार लागली. गुरुवारी सकाळपर्यंत दोन पाइप चालू झाले. एकातून सेकंदाला साधारण चाळीस लिटर, दोन्ही मिळून दिवसाला सात हजार घनमीटर, पातळी रोज फूटभर खाली. बाहेरचं तोंड पायथ्यापासून लांब, ओढ्यातल्या खडकावर नेलं. नाही तर सायफनच पायथा धुऊन काढतो.

*वस्ती.* बांधापासून ७०० मीटरवर चौदा घरं, त्यातली दोन ओढ्याच्या काठालाच. बांध फुटला तर पाण्याला तिथे पोचायला किती वेळ, असं पोलीस पाटलांनी विचारलं. पाच-सहा मिनिटं, मी म्हणालो. त्यानंतर कुणी वाद घातला नाही. बुधवारी अंधार पडायच्या आत माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत नेली, जनावरं माळावर. एक म्हातारी शेळ्या सोडून यायला तयार नव्हती. तिच्या शेळ्यांसाठी शाळेचा व्हरांडा मोकळा केला, मग ती आली. बांधावर रात्रभर दोघा-दोघांचा पहारा, पाण्यात रंगाच्या खुणा केलेली काठी, आणि इशाऱ्याला देवळाचा भोंगा, कारण ओढ्यात मोबाइलला रेंज नव्हती.

निष्पत्ती

शुक्रवारी रात्री पाऊस आला. वाडीवरच्या एका शेतकऱ्याच्या पर्जन्यमापकात ६८ मिलिमीटर, त्यातला बहुतेक तीन तासांत. तोवर तळ्यात तीन फुटांहून जास्त जागा झाली होती. पाणी चढलं, मूळ सांडव्यावरून जेमतेम फूटभर वाहिलं, आणि बांधाचा माथा अडीच फूट-पावणेतीन फूट वर कोरडा राहिला. पोती असती तर पाणी माथ्यावरून गेलंच असतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. गेलं नसतं असं म्हणायची हिंमत मात्र मला होत नाही. तळं आधीच तोंडोतोंड भरलेलं होतं आणि त्याला दीड फुटाची जागा होती.

फेब्रुवारीत तळ कोरडा झाल्यावर मोरी खणून काढली. दोन पाइपांचा सांधा निखळून इंचभर सरकला होता. पाइपाच्या खालच्या अंगाला पोकळी होती. बापूंनी हात घातला तो खांद्यापर्यंत आत गेला. पोकळीच्या कडेने बाभळीचं कुजलेलं मूळ होतं. खेकड्याची बिळंही सापडली, पण वरवरची. तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ ला फुटल्यावर, खेकड्यांनी ते पोखरलं या विधानावरून महाराष्ट्रभर बरीच चेष्टा झाली. बिळं बुजवावीत हे खरंच आहे. इथे मात्र घात केला तो निखळलेल्या सांध्याने आणि अडकलेल्या दाराने, आणि दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत होत्या.

जुनी मोरी पूर्ण काढली. खणलेल्या जागेचे काठ उतरते केले, आणि काळी माती सहा-सहा इंचांच्या थरांत, ओलावून, रोलर फिरवून भरली. नवी मोरी घालायची नाही असं ठरलं. माथ्यावरून कायमचा सायफन बसवला. त्यामुळे बांधाच्या पोटातून जाणारा पाइप उरला नाही. सांडव्याच्या ओळीत काँक्रीटची पट्टी, पुढच्या कड्याला जाळीत बांधलेले दगड. माथा मधे एक फुटाने चढवला आणि ट्रॅक्टरची वाट बंद केली. बाभळी कापल्या; मोठ्या झाडांचे बुंधे उपटून खड्डे ठोकून भरले, कारण नुसतं कापलं की मूळ आत कुजतं आणि तीच पुढची नळी होते. खर्च चार घरांनी आणि विहिरीवाल्यांनी वाटून घेतला. पुण्याच्या घराने उशिरा, पण दिला.

नुकसानही झालं. त्या रब्बीत तळं रिकामं राहिलं. मार्चमध्ये तीन विहिरी आटल्या. तात्यांनी डाळिंबाचा बहार धरलाच नाही. विहिरीवाल्यांपैकी एक जण अजून म्हणतो की पाणी उगाच घालवलं, आणि त्याला पटेल असा पुरावा माझ्याकडे नाही. न फुटलेला बांध दाखवून काही सिद्ध करता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वस्ती हलवायचा निर्णय आम्ही उशिरा घेतला. साडेबाराच्या ग्लासात माती दिसली तेव्हाच तो घ्यायला हवा होता. मधले पाच-सहा तास आम्ही पोती, वाळू आणि पाइपांच्या मागे होतो आणि खाली पोरं ओढ्याकाठी खेळत होती. काही घडलं नाही हे नशीब. पाण्याला पोचायला पाच मिनिटं लागतात हे मला सकाळी पोचलो तेव्हाच कळत होतं. पोलीस पाटलांनी विचारेपर्यंत मी ते बोललो नाही. आता कुठेही बोलावलं तर मी आधी खाली कोण राहतं ते विचारतो आणि मग बांध बघतो.

पोती काढणाऱ्या पोरांच्या कमरेला दोर बांधले नव्हते. तिसऱ्या थराच्या वेळी एक जण घसरला आणि पुढच्या डबरावर आपटला. गुडघ्यावर निभावलं.

तहसीलला फोन केला, पण लेखी काही दिलं नाही. गटनंबर, साठा, खालची घरं आणि दिसलेली लक्षणं असं एक पानी पत्र, ग्लासांच्या फोटोसह, पहिल्याच तासात व्हॉट्सअॅपवर गेलं असतं, तर निर्णयाचं ओझं एकट्या तात्यांवर पडलं नसतं. बहात्तर वर्षांच्या माणसाला आपल्या बापाच्या तळ्याचं पाणी स्वतःच्या हाताने सोडायला लावणं मला अजून टोचतं.

आणि सांडव्याचं. आदल्या उन्हाळ्यात पोती टाकली तेव्हा कुणीतरी विचारायला हवं होतं की पाणी कुठून जाणार. दोन फूट जास्त साठवायचेच असतील तर आधी माथा तेवढा उंच करा, उताराची रुंदी वाढवा, सांडवा रुंद करा, होतं ते. फक्त सांडव्यावर पोती टाकून होत नाही. एखाद्याला अभियंता परवडत नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी बघतो तशी, सांडव्यापासून बांधाच्या सगळ्यात बसलेल्या जागेपर्यंतची उंची दरवर्षी मे महिन्यात मोजावी. दोन माणसं आणि एक दुपार पुरते. ती उंची तीन फुटांच्या खाली आली असेल तर कुणाला तरी बोलवावं.

घरच्यांनी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवलं आहे : सांडव्यावर कुणी काही ठेवायचं नाही, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पायथा फिरून बघायचा, सायफन उघडायचा अधिकार गावात हजर असलेल्या कुठल्याही एका घराला, बाकीच्यांना विचारायची गरज नाही. पायथा फिरायचं काम वहिनींकडे आहे, आणि त्याचे पैसे त्यांना सगळी घरं मिळून देतात. हे कलम तात्यांनी घालायला लावलं.

या जूनमध्ये मी जाऊन आलो. सांडव्यावर पोतं नव्हतं. कागदावर तीन घरांच्या सह्या आहेत. चौथी अजून व्हायची आहे. कागद तात्यांच्या कपाटात, डाळिंबाच्या कर्जाच्या पासबुकाशेजारी ठेवलेला आहे.